अपुरा युक्तिवाद

सोलापूर,
३ जून २०२४

ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील. घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. दिवसभर अशिलांशी बोलून इतका कंटाळा येतो की घरी आल्यावर तोंड उघडावंसं वाटत नाही. त्यात घसा जरा धरलाय. मग म्हटलं, तुला लिहू या. तू शाळेत मुलांना निबंध लिहायला लावायचीस, आता भावाचा तपासून बघ.

सुट्टी संपून कोर्ट आजच सुरू झालं. अमृतची केस शेवटाला आली आहे. अमृत तुला आठवतो का? अक्कलकोट रोडचा टॉवेलवाला, तुझ्या साठीला गठ्ठाभर टॉवेल घेऊन करकंबला आला होता, तोच. त्याची आजी काशम्मा तेलंगणातून इथं आली, हातमागावर बसली आणि तिच्या नावावर पुढं कारखाना उभा राहिला. 'काशम्मा छाप' टॉवेल आज कर्नाटकापर्यंत जातो. आता परगावच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं तेच नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतलंय आणि अमृतवरच दावा लावलाय की, हे नाव आमचं आहे, तुम्ही वापरायचं नाही. निकाल विरुद्ध गेला तर अमृतला स्वतःच्या आजीचं नाव स्वतःच्या मालावर छापता येणार नाही. नाव गेलं की गिऱ्हाईक जाईल आणि मग माग बंद पडायला वेळ लागणार नाही. परवा तो ऑफिसात येऊन म्हणाला, "साहेब, आजीला घरातनं बाहेर काढल्यासारखं वाटतंय ओ."

तुला माहीत आहे, मी खून-मारामाऱ्यांच्या केसेस कधी घेतल्या नाहीत. सगळी हयात व्यापाऱ्यांच्या भांडणांत गेली. लोकांना ते रुक्ष वाटतं. पण दोन भागीदार वीस वर्षांनी एकमेकांसमोर येऊन खोटं बोलतात तेव्हा त्यात जे असतं, ते मला दुसऱ्या कशात सापडलं नाही. उलटतपासणीत मी आवाज खाली आणायचो आणि समोरचा माणूस आपोआप पुढं झुकायचा. तिथंच तो माझ्या हातात यायचा.

कागदपत्रांची तयारी बुद्धप्रियानं केली आहे. माझी ज्युनिअर, कुंभारीची, तू तिला पाहिलेलं नाहीस. हुशार आहे. पण युक्तिवादाला मीच उभा राहणार. ११ जुलैची तारीख आहे.

उत्कर्षा तुझी आठवण काढते.

तुझा,
देवदत्त


करकंब,
१० जून

देवू,

निबंध तपासला. अक्षर चांगलं, मजकुरात लपवाछपवी. दहापैकी पाच.

पत्र आलं म्हणून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. शेजारच्या बजाबाईला दाखवून आले. पण घसा धरला म्हणून कुणी बहिणीशी फोनवर दोन शब्द बोलणं सोडत नाही. मी या आठवड्यात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्कर्षानं उचलला आणि तिन्ही वेळा तू अंघोळीला गेलेला. किती अंघोळी करतोस रे? सोलापुरात पाणी तर चार दिवसांआड येतं.

खरं सांग, तुमचं नवरा-बायकोचं बिनसलंय का? तिचा आवाज मला बरा वाटला नाही. या वयात भांडून कुठं जाणार आहात?

ज्येष्ठमध पाठवत आहे. तोंडात धरून ठेव, चावू नकोस. आणि अमृतला सांग, त्यानं दिलेले टॉवेल अजून विरले नाहीत.

तुझी ताई


सोलापूर,
१८ जून

ताई,

ज्येष्ठमध मिळालं. उत्कर्षाशी माझं भांडण नाही. एका गोष्टीवर आमचं मत जुळत नाही, एवढंच. ती गोष्ट तुला सांगण्याइतकी मोठी नाही.

सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांनी घसा बघितला. आवाज जास्त वापरला की असं होतं म्हणाले, गायकांना आणि वकिलांना होतंच. केस संपली की विश्रांती घेईन.

आज दिवसभर निवाडे वाचले. आमचा मुद्दा साधा आहे: नोंदणी कुणी केली याला किंमत आहेच, पण नाव बाजारात आधी कुणी चालवलं याला जास्त किंमत आहे. साधा मुद्दा मांडणं सगळ्यात अवघड. समोर पुण्याचे वकील आहेत, गोड बोलणारे. त्यांना वाटतं सोलापुरात येऊन जेवून परत जायचं. बघू या.

बुद्धप्रिया काल म्हणाली, "सर, पहिला भाग मी मांडू का? तुमचा घसा..." मी तिला पुढं बोलू दिलं नाही.

देवदत्त


करकंब,
२४ जून

देवदत्त,

काल उत्कर्षाचा फोन आला. पाच मिनिटं नुसती रडत होती. मग सगळं सांगितलं.

म्हणजे मे महिन्यातच तुझ्या घशातला तुकडा तपासायला गेला होता. म्हणजे तो कॅन्सर आहे हे तुला मला पहिलं पत्र लिहिताना माहीत होतं. आणि मी इकडून ज्येष्ठमध पाठवते! तुला ते पुडकं सोडताना काही वाटलं नाही?

डॉक्टर म्हणाले आत्ता लगेच शेक, म्हणजे ते रेडिएशन, सुरू केलं तर आवाज वाचू शकतो. तू म्हणालास, ११ जुलैनंतर. डॉक्टर म्हणाले थांबू नका. तू पुन्हा म्हणालास, ११ जुलैनंतर. उत्कर्षानं तुझ्या पाया पडून सांगितलं. तू तिला म्हणालास की तुला यातलं कळत नाही. तिला कळत नाही? तीच तर रोज तुझं खोकणं ऐकते.

अमृतच्या आजीचं नाव वाचवायला निघालायस ना? अमृतला माहीत आहे का, की तू हे करतोयस? विचार त्याला. तो माणूस हो म्हणेल का?

मी चिडून लिहितेय, शुद्धलेखन बघू नकोस. उद्या सकाळी दवाखान्यात जा. केस कुणीही चालवेल. ती मुलगी चालवेल. तारीख पुढं घे. कोर्टात तारखा मिळत नाहीत असं जगात कुणी म्हटलंय का?

ताई


सोलापूर,
२९ जून

ताई,

तू सगळं बरोबर लिहिलंयस. तरी मी जाणार नाही. ऐकून घे.

शेक सुरू झाला की दीड-दोन महिने बोलायचं नाही. नंतर आवाज परत येईलच याची खात्री डॉक्टर देत नाहीत. 'चांगली शक्यता आहे' म्हणतात. मी स्वतः अशिलांना हे वाक्य आयुष्यभर सांगत आलो. त्याचा अर्थ काय असतो ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत नाही.

आत्ता माझ्याकडे आवाज आहे. खरखरीत आहे, सकाळी नऊ ते अकरा जरा बरा असतो, पण आहे. तो शेवटचा असेल तर मला तो या केसमध्ये वापरायचाय. मशीनखाली गप्प पडून 'येईल की नाही' याची वाट बघत तो मला घालवायचा नाही.

तारीख पुढं घ्यायची म्हटलं तर कारण द्यावं लागेल. एकदा का कोर्टाच्या आवारात कळलं की देवदत्त वकिलांना घशाचा कॅन्सर आहे, तर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीसमोर कोण येऊन बसेल? लोक सहानुभूती दाखवतील आणि केस दुसऱ्याकडे नेतील. मीही तेच केलं असतं.

अमृतला सांगितलेलं नाही. बुद्धप्रियालाही नाही. तू सांगू नकोस. उत्कर्षाला समजाव. ती जेवत नाही.

रात्री कुशीवर झोपलो की श्वास अडकतो. मग उठून बसतो आणि मनात युक्तिवाद म्हणतो. मनातला आवाज अजून पूर्वीसारखा आहे गं. अगदी पूर्वीसारखा. तेवढ्यानं धीर येतो आणि तेवढ्यानंच रडूही येतं.

देवू


सोलापूर,
१२ जुलै

ताई,

काल सुनावणी झाली. उत्तम झाली. आवाजानं साथ दिली. न्यायाधीश मॅडमनी सगळे मुद्दे लक्षपूर्वक ऐकले आणि उरलेल्या युक्तिवादासाठी स्वतःहून पुढची तारीख दिली. अमृत खूश आहे. आता सप्टेंबरपर्यंत वेळ आहे, तेव्हा तुझ्या म्हणण्याप्रमाणे दवाखान्याचं बघतो. काळजी करू नकोस.

देवदत्त


करकंब,
१५ जुलै

देवू,

मी तिथं होते.

तुला सांगितलं नाही, कारण तू येऊ दिलं नसतंस. बजाबाईला सोबत घेतलं, पहाटेच्या एसटीनं निघालो आणि कोर्टात सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. तुझं एकदाही मागं लक्ष गेलं नाही.

तू उभा राहिलास तेव्हा आधी मला तुझा कोटच दिसला. किती सैल झालाय. पहिली दोन वाक्यं ऐकू आली. मग नुसते ओठ. मॅडम म्हणाल्या, "वकीलसाहेब, जरा मोठ्यानं." तू पाणी प्यायलास आणि पुन्हा सुरू केलंस. पुन्हा त्या म्हणाल्या, "मला ऐकू येत नाहीये." तेव्हा ते पुण्याचे वकील उठले. तू त्यांना गोड बोलणारे म्हणालास, पण मला तो माणूस सभ्य वाटला. म्हणाले, "मॅडम, आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची प्रकृती बरी दिसत नाही. तारीख दिली तर माझी हरकत नाही." आणि तू टेबलावर हात आपटलास. 'मी ठणठणीत आहे' असं म्हणालास. म्हणजे तसं म्हणायचं होतं हे मला कळलं, मी बहीण आहे म्हणून. बाकीच्यांना फक्त शिट्टीसारखं काहीतरी ऐकू आलं. माझ्या पुढच्या बाकावर दोन पोरं हसली.

बजाबाई माझ्या कानाशी आली. "बाई, तुमचा भाऊ बोलाय लागलाय व्हय? मला तर काय बी ऐकू येईना की."

तुझ्या शेजारची ती मुलगी सारखी उठायला बघत होती. प्रत्येक वेळी तू तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलंस. अमृत मान खाली घालून बसला होता. खूश नव्हता देवू. तो तुझ्याकडे बघू शकत नव्हता.

नंतर व्हरांड्यात मी त्या मुलीला गाठलं. मी कोण ते सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "सरांना काय झालंय?" तू सांगू नकोस म्हणाला होतास, ते मी ऐकलं नाही. तिला सांगितलं. तिचा फोन नंबर घेतला आणि तुला न भेटता परत आले. भेटले असते तर सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली असती, किंवा गळ्यात पडून रडले असते. दोन्ही तुला चाललं नसतं.

मला खोटं लिहू नकोस. बाकी कुणाला लिही.

ताई


सोलापूर,
२ ऑगस्ट

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तोंड नव्हतं. आता ते अक्षरशः खरं झालंय. गेल्या आठवड्यापासून आवाज पूर्ण गेला.

अमृत परवा आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, "साहेब, रागावू नका. वीस वर्षं तुम्हीच बघितलं आमचं. पण माझ्या आजीचं नाव हाय ओ." दुसरा वकील लावायचा तर आधीच्या वकिलाची ना हरकत लागते. त्यानं कागद पुढं केला आणि माझ्या पायाला हात लावला. मी सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली, याचा मला उगीच अभिमान वाटला.

तो बाहेर गेला तर दाराच्या फटीतून ऐकू आलं, बुद्धप्रियाला विचारत होता, "तुमी उभ्या राहाल का?" मी पुढचं ऐकलं नाही. गरजही वाटली नाही. माझ्याच ऑफिसात, माझ्या दाराबाहेर! ती आत आली तेव्हा मी कागदावर लिहून दाखवलं: 'उद्यापासून येऊ नकोस.' ती काहीतरी बोलणार होती. मी दाराकडे बोट दाखवलं. तिनं कोट उचलला आणि गेली. मला ओरडायचं होतं. ओरडताही येत नाही.

आता दवाखान्याचं. शेक देण्याची वेळ निघून गेली, गाठ वाढली. डॉक्टर म्हणतात अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला कायमचं भोक, त्यातून श्वास. त्यांनी चित्र काढून दाखवलं. चित्र काढताना फार सौम्य बोलत होते. मी नाही म्हणून मान हलवली आणि उठून आलो.

ज्या केससाठी आवाज राखला ती केस गेली. ज्या आवाजासाठी उपचार टाळले तो आवाज गेला. मी दुसऱ्यांच्या चुकीच्या सल्ल्यांवर आयुष्यभर पोट भरलं, पण माझ्याइतका वाईट सल्ला कुणी कुणाला दिलेला मी पाहिला नाही. ऑपरेशन करून काय करायचं? पहाटे उठून कोट घालायचा आणि कुणापुढं उभं राहायचं? राहू दे. गाठ आणि मी, जिथं जायचं तिथं बरोबर जाऊ.

उत्कर्षाकडे बघ. एवढंच मागणं आहे.

देवू


करकंब,
५ ऑगस्ट

देवू,

या पत्राला उत्तर पाठवू नकोस, मी बुधवारच्या गाडीनं येतेय. महिन्याचे कपडे घेऊन. उत्कर्षाला कळवलंय.

आज बुद्धप्रियाशी फोनवर बोलले. तू फटीतून अर्धंच ऐकलंस. अमृतनं विचारलं हे खरं. ती काय म्हणाली ते ऐकायला तू थांबला नाहीस. म्हणाली, "सर स्वतः सांगतील तेव्हाच. नाहीतर तुम्ही दुसरा वकील बघा." आणि हेच तुला सांगायला ती आत आली होती. अमृतनं अजून कुणालाच केस दिलेली नाही. ज्याच्याकडे जातो तो म्हणतो, सगळं वाचायला चार महिने द्या.

साक्षीदाराचं अर्धं ऐकून तू कोर्टात कधी बसला असतास का?

आणि उभं कुणापुढं राहायचं विचारतोस. आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत तू एक शब्द बोलला नव्हतास. मला आठवतं, मी स्वयंपाकघरात बसले की तू येऊन नुसता भिंतीला टेकून बसायचास. त्या दिवसांत मला माणसं खूप भेटायला आली, पुष्कळ बोलली. त्यातलं काही आठवत नाही. तू बसलेला आठवतो.

ऑपरेशनच्या कागदांवर सही कर. मी आल्यावर ती केलेली असली पाहिजे.

ताई


सोलापूर,
२२ ऑक्टोबर

ताई,

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. उत्कर्षा आता जेवते. गळ्याचं भोक ती रोज स्वतः स्वच्छ करते. पहिल्यांदा तिला दोनदा थांबावं लागलं, आता त्याच वेळी भाजी काय करायची ते विचारते आणि मला बोटांनी सांगावं लागतं.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघी सामान भरत होतात आणि मी चक्कर मारून येतो असं लिहून बाहेर पडलो. रिक्षा करून कुंभारीला गेलो होतो. बुद्धप्रियाच्या वडिलांनी, धोंडिराम त्यांचं नाव, अंगणात खुर्ची टाकली. ती बाहेर आली आणि लांबच उभी राहिली. कागद-पेन खिशात होतं. पण हे लिहून सांगायचं नव्हतं. सगळा जोर लावून बोललो. घोगरा श्वास निघाला फक्त, पण शब्द कळण्याइतका. म्हटलं, "केस तू चालव." ती रडायला लागली. म्हणाली, "सर, मला भीती वाटते." मी हसलो. मलाही प्रत्येक वेळी वाटायची, हे सांगायचं होतं. तेवढा श्वास उरला नव्हता. माझ्या गळ्यातून निघालेले ते शेवटचे शब्द.

सप्टेंबरातल्या युक्तिवादाला मी गेलो, हे तुला माहीत आहे. गळ्याला रुमाल बांधून तिच्या शेजारी बसलो. पण तिथं काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. तिनं सुरुवात केली आणि दहा मिनिटांत मला दिसलं की ती माझा सगळ्यात आवडता मुद्दा वगळून पुढं चाललीय. मी घाईनं चिठ्ठी लिहिली आणि सरकवली. तिनं ती पाण्याच्या पेल्याखाली ठेवली आणि बोलत राहिली. दुसरी लिहिली. तीही पेल्याखाली. ताई, मला इतका राग आला की कोट ओढून तिला खाली बसवावंसं वाटलं. हात अर्धा उचललाही होता. मग परत मांडीवर ठेवला. तेवढ्यात तिनं मॅडमना विचारलं, काशम्माबाई जिवंत असत्या आणि आज या कोर्टात आल्या असत्या, तर त्यांनी स्वतःचं नाव सांगायला कुणाची परवानगी घ्यायची होती? मॅडमनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. मी ते वाक्य कधीच बोललो नसतो. मला ते सुचलंच नसतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, तो मुद्दा काढला असता तर मॅडमनी नोंदणीच्या तारखेवर आपल्याला धरलं असतं. म्हणून सोडला." मी घरी येऊन रात्रभर तपासलं. तिचं बरोबर होतं.

काल निकाल लागला. दावा फेटाळला. नाव अमृतकडे राहिलं. समोरचे अपिलात जातील, पण तोवर टॉवेलावर काशम्माच. अमृतनं बुद्धप्रियाला वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे आला आणि अगदी सावकाश, मोठ्यानं म्हणाला, "साहेब, तब्येतीला जपा!" बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं आता बऱ्याच जणांना वाटतं. आवारात ओळखीचे वकील लांबून हात करतात आणि त्यांना एकदम काहीतरी काम आठवतं. यापुढं हे असंच. संध्याकाळी ऑफिसात नवा अशील आला, दोन्ही टेबलांकडे बघितलं आणि बुद्धप्रियासमोर जाऊन बसला. ते सोसायला मला अजून जमलेलं नाही. सकाळी कोट घालतो आणि आरशासमोर थोडा वेळ नुसता उभा राहतो. सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. तुला खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

पण निकाल वाचून झाला त्या क्षणाचं सांगतो. मॅडमनी शेवटचं वाक्य वाचलं आणि आयुष्यभराच्या सवयीनं मी उभा राहिलो. निकाल आपल्या बाजूनं लागला की वकिलानं उठून 'आभारी आहे, मॅडम' म्हणायचं असतं. मी तोंड उघडलं. रुमालाखालून हवा गेली फक्त. सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं आणि बसावं की काय करावं, मला कळेना.

मॅडमनी पुढच्या केसचे कागद हातात घेतले होते. ते त्यांनी खाली ठेवले. माझ्याकडे पाहत थांबल्या, एखाद्याचं बोलणं मध्येच तोडायचं नसतं तशा. म्हणून मी सगळं वाक्य म्हटलं, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. ते संपल्यावर त्यांनी मान लववली आणि मग मी खाली बसलो.

तुझा,
देवू